पाऊणशे वर्षांच्या युद्धाचा जमाखर्च आणि आपला जालना मुलूख

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपणांपैकी बहुतेकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असेल. कापड, धान्य आणि सराफी यांच्या बळावर जालन्याची पेठ एके काळी दख्खनमधील संपन्न पेठांत मोडत असे, हे त्या म्हणीचे तात्पर्य होय. इ. स. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगली मुलखावर जी अखेरची मोठी स्वारी केली तिचे लक्ष्य जालनाच होते, यावरूनही या पेठेच्या संपत्तीची कल्पना यावी. ज्या गावात काही असते त्याच गावावर फौज चालून येते, हा इतिहासाचा रोकडा नियम आहे.

आपली ज्ञाती हातमागावर जगलेली. तथापि ज्ञातीच्या स्मरणिकांतून इतिहास लिहावयाचा म्हटला, की आम्हां लेखकांची दृष्टी तलवारीकडे वळते. कोणता पूर्वज कोणत्या सरदाराच्या पदरी होता याचा शोध आम्ही घेऊ लागतो. तो शोध वाईट नव्हे. परंतु आपल्या बहुसंख्य पूर्वजांनी तलवार कधीच धरली नाही. त्यांनी माग चालविला, बाजार गाठला, पट्टी भरली आणि फौज आली की माग सोडून रान गाठले. पराक्रमाचा जमाखर्च मांडावयाचा असेल, तर जमेच्या बाजूला सरदारांची नावे येतील. पण खर्चाच्या बाजूला आपल्याच आजे-पणज्यांची नावे यावयास हवीत. ती कोणी लिहून ठेविली नाहीत. निदान तो खर्च कसा व किती झाला, एवढे तरी आज ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न आहे.

यासाठी आम्ही निजाम आणि पेशवे या दोन शेजारी राज्यांचे वैर निवडले आहे. इ. स. १७२७ पासून इ. स. १७९५ पर्यंत हे वैर मधूनमधून तह करीत चालूच राहिले, आणि इ. स. १८०३ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर, त्याचा लाभ तिसऱ्यानेच उचलला.

वैराचे मूळ : एकाच शेतावर दोन धनी

इ. स. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणिल्या. सरकारी वसुलाचा चौथा हिस्सा ती चौथाई, आणि त्यावर शेकडा दहा ती सरदेशमुखी. म्हणजे कागदोपत्री शंभर रुपयांतील पस्तीस रुपये मराठ्यांचे झाले. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वार बादशाही चाकरीस ठेवावयाचे, असा करार होता. औरंगाबाद सुभा या सहा सुभ्यांतच येत असल्यामुळे जालना परगणाही त्या सनदेत आपोआप आला.

पुढे इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. हे साखरखेर्डा आज बुलढाणा जिल्ह्यात असले, तरी आपल्या जिल्ह्याच्या शेजारचेच. दुसऱ्याच वर्षी, इ. स. १७२५ मध्ये, जालन्यात किल्ला बांधण्यात आला. शहराला येऊ घातलेल्या काळाची ती पहिली खूणच म्हटली पाहिजे.

याप्रमाणे एकाच रयतेवर दोन सत्ता बसल्या. निजामाचा आमील वसूल मागे आणि मराठ्यांचा मोकासदार चौथाई मागे. या चौथाईचेही पुन्हा वाटे होते : राजबाबती शेकडा पंचवीस, साहोत्रा सहा, नाडगौडा तीन आणि उरलेला सहासष्टांचा मोकासा सरदारांच्या फौजखर्चास. प्रत्येक वाट्याचा वसूल करणारा कारकून वेगळा, त्याचा शिपाई वेगळा, आणि त्या शिपायाचे जेवण गावावर. यास त्या काळी दुअंमली म्हणत. शांततेच्या वर्षीही हा भार हलका नव्हता. युद्धाच्या वर्षी तर एक धनी ‘दुसऱ्यास देऊ नका’ म्हणून दटावी, आणि दुसरा ‘आमचे का राहिले’ म्हणून गाव जाळी.

पालखेडचा विजय आणि जालन्याचा कार्तिक

इ. स. १७२७ मध्ये निजामाने चौथाई रोखून धरली. छत्रपती शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज यांपैकी खरा हक्कदार कोण हे ठरेपर्यंत पैसा देता येत नाही, अशी त्याची सबब होती. तेव्हा बाजीराव पेशवे पुढे सरसावले. या मोहिमेचा शेवट इ. स. १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळच्या पालखेड येथे झाला. जड तोफखान्याच्या निजामास चपळ घोडदळाने पाण्यावाचून कोंडून शरण आणिले, हा प्रसंग जगातील युद्धशास्त्राच्या अभ्यासकांनी वाखाणला आहे, आणि तो वाखाणण्याजोगा आहेच. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला आणि चौथाईचा हक्क निजामास मान्य करावा लागला.

परंतु या मोहिमेचा आरंभ कोठे झाला? नोव्हेंबर १७२७ मध्ये बाजीरावांची फौज प्रथम शिरली ती जालना व सिंदखेड या परगण्यांत. निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी येथे चकमक झाली. मुलूख लुटला गेला. आणि फौज माहूर, मंगरूळ, वाशीमकडे निघून गेली. पुढे ती खानदेशातून गुजरातेत उतरली. शत्रूच्या तोफांसमोर उभे न राहता त्याचा वसूल देणारा मुलूख उद्ध्वस्त करावयाचा, म्हणजे तो आपोआप मैदानात ओढला जातो, हेच या युद्धपद्धतीचे रहस्य होते. लष्करी दृष्टीने ही पद्धत बिनतोड खरी. परंतु ‘वसूल देणारा मुलूख’ म्हणजे काय, तर कुणाची तरी ज्वारीची गंजी, कुणाची तरी बैलजोडी आणि कुणाचा तरी मागावर चढलेला ताणा.

महिना कोणता होता तेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, कारण तेव्हा पाऊस सरतो, नद्या उतरतात आणि रानात चारा असतो. नेमका हाच काळ खरिपाच्या मळणीचा, रब्बीच्या कोवळ्या पिकाचा आणि कापूस वेचणीचा. फौजेची सोय व शेतकऱ्याची सुगी एकाच पंधरवड्यात येत. एक साधा हिशेब करून पाहू. पंचवीस हजार घोड्यांची फौज धरली आणि प्रत्येक घोड्यास दिवसाला चार शेर दाणा धरला, तर रोजचा एक लाख शेर, म्हणजे अडीच हजार मण दाणा लागतो. यात माणसांचे अन्न नाही, हत्ती, उंट व ओझ्याचे बैल नाहीत, बाजारबुणगे नाहीत, आणि चारा तर मुळीच नाही. एवढे धान्य पुण्याहून किंवा हैदराबादेहून गाडीने येत नसे. लमाणांचे तांडे बैलांवर लादून काही धान्य आणीत. उरलेले वाटेवरच्या गावांतून उचलले जाई. मित्राची फौज असो वा शत्रूची, घोड्याची भूक तीच.

हे वैर दोन धर्मांचे होते, असा समज कोणी करून घेऊ नये. निजामाच्या बाजूस चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर व सिंदखेडचे जाधव होते; पुढे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर झाला. उलट उदगीरच्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना चालविणारा इब्राहीमखान गारदी होता. वाद होता तो वसुलाचा, आणि वसूल देणारी रयत सर्व जातींची व दोन्ही धर्मांची होती.

जिंकणाऱ्यांचे कर्ज

पराभूत राज्य कर्जात बुडावे हे समजण्यासारखे आहे. या दीर्घ वैराचा मासला असा, की जिंकणारेही कर्जातच राहिले. बाजीराव पेशव्यांनी एवढे विजय मिळविले, पण धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या धनकोंच्या तगाद्याने ते किती गांजले होते, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून सर्वश्रुत आहे. शिलेदारास पगार द्यावयाचा तर वसूल यावयास हवा. वसूल यावयाचा तर फौज धाडावयास हवी. आणि फौज धाडावयाची तर सावकाराकडून आधी रक्कम उचलावयास हवी. कमाविसदाराकडून वर्षारंभीच ‘रसद’ म्हणून आगाऊ पैसा घेतला जाई, आणि तो कमाविसदार ती रक्कम व्याजासह रयतेकडून वसूल करी. या रहाटगाडग्याला शेवट नव्हता. माधवराव पेशव्यांनी इ. स. १७७२ मध्ये मृत्युशय्येवरून जी कलमे लिहवून घेतली, त्यांत राज्याचे कर्ज फेडण्याची चिंता होती. एवढा कर्तबगार पुरुष, आणि अखेरची काळजी सावकाराच्या देण्याची!

निजामाच्या घरी याहून निराळे नव्हते. इ. स. १७५१ पासून फ्रेंच सेनापती बुसी आपली कवायती पलटणे घेऊन निजामाच्या मदतीस राहिला. या पलटणांचा पगार रोख भागेना, म्हणून इ. स. १७५३ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांत त्यांस लावून देण्यात आले. सैन्य पोसण्यासाठी प्रांत तोडून देण्याची ही वहिवाट पुढे किती महाग पडली ते आपण पाहणारच आहोत. इ. स. १७५७ मध्ये तर थकलेल्या पगारासाठी निजामाच्या सैन्यानेच औरंगाबादेत दंगा केला आणि दिवाण शाहनवाजखान यास पदच्युत व्हावे लागले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जालन्यापासून दहाएक कोसांवरील सिंदखेड येथे पुन्हा युद्ध पेटले, आणि साखरखेर्ड्याच्या तहाने पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांस मिळाला. इ. स. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर सुमारे साठ लाखांचा मुलूख व दौलताबादेसारखे किल्ले मिळाले. अकरा महिन्यांनी पानिपत झाले; तेव्हा निजामअली पुण्यावर चालून आला आणि गेलेल्या मुलखातील काही भाग परत घेऊन गेला. इ. स. १७६३ मध्ये त्याने पुणे लुटले व जाळले. उलट मराठ्यांनी वऱ्हाडापासून हैदराबादेपर्यंतचा त्याचा मुलूख धुळीस मिळविला. शेवटी १० ऑगस्ट १७६३ रोजी, आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पलीकडील काठी, राक्षसभुवन येथे मोठी लढाई झाली. निजामअली नदी उतरून उत्तर तीरावर आलेला होता. पलीकडे राहिलेल्या त्याच्या सैन्याचा फडशा उडाला व दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. गोदावरीस पूर होता आणि अलीकडच्या तीरावरून निजामास काहीच करता आले नाही. या खेपेस मराठ्यांस ब्याऐंशी लाखांचा मुलूख मिळाला.

पंचवीस, साठ, ब्याऐंशी लाख, हे आकडे वाचताना छाती फुगते. परंतु हे आकडे दप्तरातील ठरीव उत्पन्नाचे होत. ज्या परगण्यातून पाच-सहा फौजा गेल्या त्या परगण्यात गावे ‘बेचिराग’ पडत. म्हणजे जेथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही अशी. मग नवा धनी पाटलास कौल देई : येऊन वसाहत करा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा द्या, पुढे वर्षावर्षाने वाढवू. यास इस्तावा म्हणत. इस्ताव्याची मुदत पुरी होऊन गाव पूर्ण साऱ्यास येते न येते, तोच पुढची मोहीम निघे. शेतकरी निदान जमिनीच्या ओढीने परत येई. विणकराचे तसे नव्हते. त्याचे भांडवल म्हणजे हात आणि कसब. ते घेऊन तो जेथे बाजार शांत असेल तेथे जाई. आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांत ‘आमचे मूळ गाव अमुक, पण कधी तरी गाव सोडले’ एवढीच आठवण राहिली आहे आणि ‘का सोडले’ हे कोणी सांगू शकत नाही. सर्वच स्थलांतरांचे कारण युद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. पण या प्रश्नाचे एक उत्तर येथे दडलेले असावे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

खर्ड्यास मिळविलेले कोठे गेले?

या वैराचा शेवटचा मोठा सामना ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे झाला. ग्रँट डफच्या आकड्यांप्रमाणे दोन्ही बाजूंच्या फौजा मिळून दोन लाखांच्या वर जातात. एवढ्या अफाट फौजा समोरासमोर आल्या आणि प्रत्यक्ष रणात पडलेल्यांची संख्या मात्र अगदी थोडी होती. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, पाण्यावाचून हाल झाले आणि त्याने तह केला : सुमारे पस्तीस लाखांचा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि दिवाण ओलीस. मराठी राज्याने एकजुटीने मिळविलेला हा अखेरचा विजय.

आता पुढील आठ वर्षांचा हिशेब वाचकांनी शांतपणे पाहावा. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे वारले. गादीच्या भांडणात पुण्याच्या कारभाऱ्यांस निजामाच्या मदतीची गरज पडली, आणि इ. स. १७९६ च्या महाडच्या तहाने खर्ड्यास मिळविलेल्याचा मोठा भाग त्यास सोडून द्यावा लागला. दीड वर्षापूर्वी ज्यासाठी लक्षावधी माणसे व जनावरे रानोमाळ फिरली, ते एका कागदाने गेले.

निजामाचा धडा याहून कडू होता. खर्ड्यास इंग्रज तटस्थ राहिले होते. तरीही शेजाऱ्याच्या भयाने तो अखेर त्यांच्याच आश्रयास गेला. इ. स. १७९८ च्या तहान्वये इंग्रजांची सहा पलटणे त्याने तैनातीस घेतली आणि त्यांसाठी दरसाल २४,१७,१०० रुपये देण्याचे कबूल केले. दोनच वर्षांनी, इ. स. १८०० मध्ये, या खर्चापोटी म्हैसूरच्या दोन युद्धांत मिळालेला सर्व मुलूख त्यास कंपनीस द्यावा लागला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तोच विडा उचलला : सहा हजार तैनाती पायदळ आणि त्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख. दोन शेजारी पाऊणशे वर्षे एकमेकांचा वसूल तोडीत राहिले. शेवटी दोघांनीही आपापला वसूल तिसऱ्याच्या फौजेस तोडून दिला.

असई : आपल्या दारातला शेवट

इ. स. १८०३ च्या ऑगस्टात इंग्रजांनी दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध पुकारले. त्या वेळी जालना शिंद्यांकडे होते. २ सप्टेंबर रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. त्याच्याजवळ होती ती निजामाच्या तैनाती फौजेची पलटणे. म्हणजे निजामाच्या मुलखातून पगार मिळणारी. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे स्टीव्हन्सन व जनरल वेलस्ली यांची भेट झाली आणि दोन वाटांनी भोकरदनकडे निघण्याचे ठरले. २३ सप्टेंबर रोजी वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट न पाहता, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावाजवळ, शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर हल्ला केला. शिंद्यांच्या कवायती पायदळाने व गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांकडील ४२८ माणसे ठार व ११३८ जखमी झाली, आणि त्यांत मद्रासकडील एतद्देशीय शिपाईही पुष्कळ होते. तरी लढाई इंग्रजांनी जिंकली व ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. त्या तोफा ओतण्यास लागलेला पैसा कोणत्या परगण्यांच्या साऱ्यातून आला होता, हे निराळे सांगावयास नको.

लढाई एका दुपारची. तिच्या मागून आला तो १८०३-०४ चा दुष्काळ. पावसाने ओढ दिली होती हे खरे. परंतु लागोपाठ दोन वर्षे फौजांच्या व पेंढाऱ्यांच्या पायांखाली दख्खन तुडविला गेल्यामुळे पेवांत काही उरलेच नव्हते. पाऊस चुकला तर पेव तारते. पेव आधीच उपसले गेले असेल तर काहीच तारीत नाही.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील जो मुलूख शिंद्यांनी सोडला, त्यात ‘जालनापूर’चा किल्ला व परगणा नावानिशी आलेला आहे. पुढील वर्षी तो निजामाकडे गेला. म्हणजे इ. स. १७२७ मध्ये आपला परगणा जेथे होता तेथेच सत्त्याहत्तर वर्षांनी परत आला. मधल्या काळात या हक्कासाठी जे खर्ची पडले, ते मात्र परत आले नाही.

एवढ्यावरही देणे फिटले नाही. इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ जालन्याकडे पडला, इ. स. १८१७ मध्ये नागपूरकरांविरुद्ध डव्हटनची फौज निघाली ती याच भागातून. पुढे इ. स. १८२७ च्या सुमारास हैदराबाद कंटिंजंटची छावणी जालन्यास उभी राहिली. अधिकारी इंग्रज, नाव निजामाचे आणि पगार निजामाच्या रयतेचा. हा पगार भागविण्यासाठी हैदराबाद दरबाराने पामर कंपनीकडून शेकडा चोवीस-पंचवीस दराने कर्जे काढिली. कर्ज फिटेना, तेव्हा इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाडासारखा कापसाचा सोन्यासारखा प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला. ही छावणी मोडली ती इ. स. १९०३ मध्ये. चौथाईच्या थकबाकीवरून सुरू झालेल्या भांडणाचा शेवटचा हप्ता जालन्याने असा विसाव्या शतकात भरला.

उपसंहार

या लेखात आम्ही कोणाच्या शौर्यास उणेपणा आणिला, असे कृपया कोणी समजू नये. पालखेडची चतुराई, राक्षसभुवनचा आवेश, असईस तोफांशेजारी पडलेले गोलंदाज, यांचे मोल आम्हांस ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच, की शेजाऱ्याशी चालणारे लांबलचक युद्ध कोणी किती लढाया जिंकल्या यावर मोजता येत नाही. युद्ध संपल्यावर फौजेचा पगार कोण देतो आणि कोणास देतो, हे पाहिले म्हणजे खरा जेता दिसतो.

१ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा स्वतंत्र झाला, आणि औरंगाबादच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरता येणारा हा मुलूख आपल्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचा इतिहास लिहिण्याची जबाबदारीही आता आपलीच आहे. ज्ञातिबांधवांस आमची विनंती अशी, की घरातील जुन्या पेट्यांत मोडी कागद, कौलनामे, सावकारी वह्या किंवा पट्टीच्या पावत्या असतील, तर त्या वाळवीच्या स्वाधीन न करता मंडळाच्या कार्यालयात एकवार दाखवाव्यात. आणि घरातील वृद्धांस ‘आपण मूळ गाव का सोडले’ एवढा प्रश्न ते आपल्यात आहेत तोवर विचारून, जे उत्तर मिळेल ते लिहून काढावे. शूरांची नावे बखरींनी जतन केली. ज्यांनी त्या शौर्याची किंमत मोजली त्यांची नावे जतन करणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नाही. इत्यलम्.